हे हात कुणाचे?

मालवणला मी पहिल्यांदा पाण्याखाली गेलो, त्याचा एक मिनिट बावन्न सेकंदांचा व्हिडिओ माझ्याकडे आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे जवळपास असाच असेल. सुरुवातीला बोट, मग सिंधुदुर्गाचा तट, मग हिरवट पाणी, मग मास्कमुळे नाक चेपलेला मी, दोन्ही हातांनी 'ओके'ची खूण करणारा. तोंडाभोवती पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे. मागे हिंदी सिनेमातलं गाणं. शेवटी बुडबुड्यांबरोबर वर जाणारा कॅमेरा आणि डायव्हिंग करून देणाऱ्यांचा मोबाइल नंबर.

मी तो फॅमिली ग्रुपवर टाकला. काका-मामांचे अंगठे आले. आईचा मात्र फोन आला. तिने व्हिडिओ तीनदा पाहिला होता. म्हणाली, "छान आहे रे सगळं. पण तुझ्या खांद्यामागे ते हात कुणाचे आहेत?"

मी पुन्हा पाहिलं. हात होते. एका हाताने माझ्या पाठीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह धरलेला होता. दुसरा अधूनमधून माझ्या कानाजवळून पुढे यायचा, मूठ उघडायचा आणि मागे जायचा. मुठीत पावाचा चुरा होता. मासे माझ्यासाठी नव्हे, त्या चुऱ्यासाठी आले होते. आणि मी पोहतच नव्हतो. एखादी पिशवी धरावी तसा मला धरून कुणीतरी फिरवत होतं. बोटीवर त्याच दादाने मला सांगितलं होतं, "नाकान नको, तोंडान श्वास घे. बाकीचा माझ्यार सोड." मी सोडलं होतं. व्हिडिओ एडिट करणाऱ्यानेही त्याला शक्य तितकं फ्रेमबाहेर सोडलं होतं.

त्यानंतरच्या दोन वर्षांत मी डायव्हिंगचा रीतसर कोर्स केला, एक सेकंडहँड ऑलिम्पस टीजी-६ घेतला आणि पाण्याखाली फोटो काढायला शिकायला लागलो. अजून शिकतोच आहे. फोटो शिकताना दुसऱ्यांनी काढलेल्या फोटो-फिल्म भरपूर पाहिल्या आणि प्रत्येक वेळी आईचा प्रश्न मध्ये आला. हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. पाण्याखालची चित्रं सुंदर असतात, त्यात वाद नाही. पण ती आपल्याला दिसावीत म्हणून कोण काय करत असतं, आणि चित्र ते दाखवतं की लपवतं, यावरून ती चांगली की वाईट हे ठरवता येतं, असं मला वाटायला लागलं आहे.

आधी थोडं पाण्याबद्दल

जमिनीवर फोटो काढणाऱ्याला पाण्यात गेल्यावर पहिला धक्का रंगांचा बसतो. पाणी प्रकाशातला लाल भाग सगळ्यात आधी शोषून घेतं. पाचेक मीटरवर लाल जवळपास संपतो, त्यानंतर नारिंगी, मग पिवळा. शेवटी निळा आणि हिरवा उरतो. हे अंतर फक्त खोलीचं नसतं. सूर्यप्रकाश वरून माशापर्यंत येतो आणि माशापासून तुमच्या लेन्सपर्यंत जातो, त्या सगळ्या प्रवासात पाणी आपला वाटा घेत राहतं. म्हणून चार मीटर लांबून काढलेला फोटो निळ्या धुक्यासारखा येतो आणि तोच मासा हातभर अंतरावरून बरा दिसतो. प्रत्येक इन्स्ट्रक्टर एकच मंत्र देतो: जवळ जा. आणि जवळ गेलास असं वाटलं की आणखी जवळ जा.

दुसरा धक्का अंतराचा. मास्कच्या सपाट काचेतून वस्तू असते त्यापेक्षा साधारण पाव अंतराने जवळ आणि एक तृतीयांशाने मोठी दिसते. हात पुढे करावा आणि वस्तू तिथे नसावी, असं पहिल्या काही डायव्हमध्ये सतत होतं.

तिसरी गोष्ट श्वासाची आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. जमिनीवर फोटोग्राफर शटर दाबताना श्वास रोखतो. पाण्याखाली पहिल्या दिवशी शिकवलेला पहिला नियम म्हणजे श्वास कधीही रोखायचा नाही. दहा मीटर खाली दाब वरच्या दुप्पट असतो. तिथे भरलेल्या छातीने श्वास रोखून वर आलात तर हवा प्रसरण पावते आणि फुप्फुसाला इजा होऊ शकते. शिवाय श्वास हाच तुमचा तोल असतो. आत घेतला की थोडे वर जाता, सोडला की थोडे खाली. म्हणजे ज्या क्षणी स्थिर राहायचं, त्याच क्षणी शरीर वरखाली होत असतं. नवखा माणूस मग काय करतो? कशाला तरी धरतो, गुडघा टेकतो. त्याखाली प्रवाळ असतो. प्रवाळ दगडासारखा दिसतो, पण त्यावर जिवंत प्राण्यांचा थर असतो आणि बऱ्याच जाती वर्षाला जेमतेम एखाददुसरा सेंटीमीटर वाढतात.

मला एकदा इन्स्ट्रक्टरने माझाच फोटो झूम करून दाखवला. बर्फ पडल्यासारखे पांढरे ठिपके सगळ्या फ्रेमभर होते. लेन्सच्या शेजारीच असलेला फ्लॅश पाण्यातल्या कणांवर पडून परत लेन्समध्ये येतो, त्याला बॅकस्कॅटर म्हणतात. म्हणून जाणकार लोक फ्लॅश लांब दांड्यांवर, कॅमेऱ्याच्या दोन बाजूंना लावतात. मी तेच कारण पुढे केलं. माझ्याकडे दांडीवरचा फ्लॅश नाही, पाण्यात प्लँक्टन फार होतं, वगैरे. तो म्हणाला, "हे प्लँक्टन नाही. ही तू उडवलेली वाळू आहे."

पंप मारणारे

पाण्याखालच्या फोटोची गोष्ट सुरू होते तेव्हा हे हात लपवणं शक्यच नव्हतं. लुई बुताँ हा फ्रेंच जीवशास्त्रज्ञ १८९३ साली भूमध्य समुद्रावरच्या बान्यूल-सूर-मेर या गावातल्या प्रयोगशाळेत हे प्रयोग करत होता. कॅमेऱ्याची जलाभेद्य पेटी त्याच्या भावाने, ओग्यूस्तने आखली. प्रयोगशाळेचा मेकॅनिक जोझेफ दाव्हिद सोबतीला होता. बुताँ धातूचं शिरस्त्राण घालून खाली उतरायचा आणि त्याला लागणारी हवा वर बोटीतली माणसं पंप मारून नळीतून पाठवायची. एक्स्पोजर कधीकधी अर्ध्या तासाचं असे. अर्धा तास खालच्या माणसाने हलायचं नाही आणि अर्धा तास वरच्यांनी थांबायचं नाही. त्याचे फोटो आज पाहिले तर धूसर आहेत, आपण फोनमधून डिलीट करू असे. पण प्रत्येक फोटोमागे चारसहा माणसांचे दमलेले दंड आहेत, हे त्याच्या पद्धतीतूनच कळतं.

पाण्याखालचा पहिला रंगीत फोटो १९२६ सालचा. फ्लोरिडाजवळच्या ड्राय टॉर्टुगास बेटांपाशी विल्यम लाँगली आणि 'नॅशनल जिओग्राफिक'चा फोटोग्राफर चार्ल्स मार्टिन यांनी एका हॉगफिशचा फोटो ऑटोक्रोम काचेवर घेतला. तेव्हाच्या रंगीत काचांना प्रकाश भरपूर लागे. म्हणून त्यांनी पाण्यावर एक तराफा तरंगत ठेवला आणि त्यावर मॅग्नेशियमच्या पावडरीचा भडका उडवला. जानेवारी १९२७च्या अंकात तो फोटो आला. त्यात मासा शांत आहे. वर स्फोट झालाय, हे फोटोत नाही.

इथून पुढे पाण्याखालचं चित्र जितकं देखणं होत गेलं, तितका वरचा तराफा दिसेनासा झाला.

कुस्तो: हात दाखवणारा माणूस

जाक-इव्ह कुस्तो आणि लुई माल यांची 'ल मोंद द्यू सिलाँस' ही फिल्म १९५६ची. तिला कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळालं, नंतर ऑस्करही. डायव्हर मंडळींत या फिल्मचं नाव आदराने घेतलं जातं, म्हणून मी ती कोर्सच्या आधीच्या आठवड्यात पाहिली. सुरुवात आजही थक्क करते. हातात जळत्या मशाली घेतलेले डायव्हर निळ्या अंधारात खाली जात राहतात आणि बुडबुड्यांचे लोट वर येत राहतात.

आणि मग इतर प्रसंग येतात. खडकातल्या माशांची मोजदाद करायची म्हणून कुस्तोची माणसं प्रवाळात डायनामाइट लावतात. मेलेले मासे वर तरंगतात, ते गोळा करून वाळूवर मांडले जातात. एका प्रसंगात जहाजाच्या पंख्याने स्पर्म व्हेलचं पिल्लू जबर जखमी होतं. त्याच्या रक्तावर शार्क जमतात, आणि खलाशी त्या शार्कना गळ टाकून वर ओढतात व कुऱ्हाडींनी मारतात. कोरड्या जमिनीवर महाकाय कासवांच्या पाठीवर बसून गंमत चालते. झोझो नावाचा एक मोठा ग्रूपर मासा, आपल्या कोकणातल्या गोबऱ्याच्या कुळातला, खायला मिळतं म्हणून डायव्हरांच्या मागे मागे फिरतो. तो इतर माशांना खाऊ देत नाही, म्हणून त्याला पिंजऱ्यात टाकतात.

आजच्या प्रेक्षकाला यातलं बरंच पाहवत नाही. मलाही नाही पाहवलं. फिल्म बंद करून मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन आलो. कुस्तो पुढे समुद्राच्या रक्षणाचा जगातला सगळ्यात मोठा आवाज झाला, त्यामुळे या फिल्मबद्दल बोलताना 'काळ वेगळा होता' असं म्हणून पुढे जायची पद्धत आहे. मला ते पुरेसं वाटत नाही. डायनामाइटने मासे मरतात हे १९५६ सालीही कळत होतं. निवेदनातच त्याचं समर्थन येतं, म्हणजे समर्थनाची गरज त्यांनाही जाणवली होती.

पण एक गोष्ट मी कुस्तोच्या बाजूने मांडेन. त्याने हे सगळं फिल्ममध्ये ठेवलं. एडिटिंगच्या टेबलावर डायनामाइट कापून टाकायला त्याला कुणी अडवलं नव्हतं. कापलं असतं तर आज ही फिल्म निर्मळ, निळी आणि खोटी असती. तिच्याशी भांडायला मला जी सामग्री लागते ती तिनेच मला दिली आहे. हात रक्ताने माखलेले आहेत, पण फ्रेममध्ये आहेत. मालवणच्या माझ्या व्हिडिओत पावाचा चुरा देणारे हात कापले गेले होते. गुन्हा कुस्तोचा कितीतरी मोठा, चित्र मात्र त्याचं जास्त प्रामाणिक. हे एका वेळी मान्य करायला मला जड जातं.

हिरवं रक्त

कर्नाटकात मुर्डेश्वरपासून बोटीने दीडएक तासावर नेत्राणी नावाचं बेट आहे. नौदल पूर्वी तिथे नेमबाजीचा सराव करत असे. आता पुण्या-बंगळुरूची आमच्यासारखी मंडळी शनिवार-रविवार धरून तिथे डायव्हिंगला जातात. तिथे एकदा पंधरा मीटरवर दोराला धरून थांबलो होतो आणि दोराला चिकटलेल्या बार्नॅकलने बोट कापलं. बोटातून काहीतरी हिरवटकाळं धुरासारखं निघालं. ते रक्त आहे हे कळायला मला दोन-तीन सेकंद लागले. पुस्तकात वाचलेलं होतं, लाल उजेडच तिथवर पोचत नाही. तरी स्वतःच्या अंगातून हिरवं निघताना पाहणं वेगळं.

मी फोटो काढला, अर्थातच. घरी येऊन लॅपटॉपवर उघडला. व्हाइट बॅलन्सची पट्टी सरकवली आणि रक्त लाल झालं. सगळं ओळखीचं झालं. आणि मला जाणवलं की मी आता जो फोटो पाहतोय तो प्रसंग माझ्या बाबतीत घडलेलाच नाही.

हा प्रश्न माझ्या धंद्यातल्या लोकांनी फार हुशारीने सोडवला आहे. दर्या अक्कायनाक या इंजिनिअर, समुद्रशास्त्रज्ञ आणि डायव्हर. तुर्कीत 'दर्या' म्हणजे समुद्रच, आपल्याकडे आहे तसाच. त्यांनी ताली त्रायबिट्झ यांच्याबरोबर २०१९ साली 'सी-थ्रू' नावाची पद्धत मांडली. शोधनिबंधाच्या शीर्षकाचा अर्थच 'पाण्याखालच्या प्रतिमांमधून पाणी काढून टाकण्याची पद्धत' असा आहे. आधीचे लोक धुक्यातल्या फोटोचं गणित पाण्याला लावत होते. पाण्यात प्रत्येक रंग अंतरानुसार वेगवेगळा घटतो, त्यामुळे ते गणित चुकतं, हे त्यांनी दाखवलं. एकाच जागेचे अनेक फोटो घेऊन प्रत्येक पिक्सेल कॅमेऱ्यापासून किती लांब आहे हे काढायचं आणि त्या अंतरात पाण्याने जे खाल्लं ते परत करायचं. ज्याला इमेज प्रोसेसिंगची थोडी जरी आवड आहे त्याने तो निबंध वाचावा. मी दोन रात्री जागून वाचला.

त्याचे परिणाम पाहिले की प्रवाळ कोरड्या जमिनीवर, दुपारच्या उन्हात ठेवल्यासारखा दिसतो. शास्त्रज्ञांना याचा मोठा उपयोग आहे. प्रवाळ फिका पडतोय की नाही, कुठली जात किती आहे, हे हजारो फोटोंतून मोजायचं तर रंग एकसारखे लागतात. ते मोजमापाचं साधन आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

माझी तक्रार इन्स्टाग्रामबद्दल आहे. तिथे साध्या फिल्टरने हेच केलं जातं आणि त्याला 'समुद्राचे खरे रंग' म्हटलं जातं. खरे कुणासाठी? खोलवर राहणाऱ्या कित्येक माशांचं अंग लाल असतं ते तिथे लाल उजेड नाही म्हणूनच. लाल अंग तिथे काळसर, न दिसणारं होतं. त्यांचा रंग हा त्यांचा लपायचा पडदा आहे. आपण पाणी काढून टाकतो तेव्हा ज्या प्राण्याने अख्खं आयुष्य न दिसण्यात घालवलं, त्याला भर चौकात उभं करतो. चित्र चमकदार होतं, पण त्या प्राण्याबद्दलची महत्त्वाची माहिती त्यातून जाते.

मग फोटोला हातच लावायचा नाही का? मी काही महिने तसा हट्ट धरला होता. तोही टिकत नाही. कॅमेरा जितका निळा फोटो देतो तितकं निळं आपल्याला खाली दिसत नसतं, मेंदू आपल्या परीने रंग सावरून घेतो. म्हणजे न सुधारलेला फोटोही मी पाहिलेलं दाखवत नाही. आता मी बोटीवर वर आल्या आल्या वहीत दोन ओळी लिहितो: काय रंग दिसले, किती लांबचं दिसत होतं. घरी तेवढ्यापुरतीच पट्टी सरकवतो. रक्ताच्या फोटोत मी ते पुन्हा हिरवं केलं.

अकरा फोटो

मागच्या मार्चमध्ये मी आणि माझी धाकटी बहीण नेत्राणीला गेलो. तिचा कोर्स संपून महिना झाला होता. डायव्हिंगमध्ये प्रत्येकाचा एक बडी असतो, म्हणजे जोडीदार. एकमेकांच्या हवेवर लक्ष ठेवायचं, खुणा करायच्या, दोनतीन मीटरपेक्षा लांब जायचं नाही. ती माझी बडी होती. इन्स्ट्रक्टर आमच्यासकट चौघांना घेऊन होता.

चौदा मीटरवर मला एक न्यूडिब्रँक दिसला. ही अंगठ्याच्या पेराएवढी, कवच नसलेली समुद्री गोगलगाय. निळ्या अंगावर पिवळे ठिपके. मी त्याच्यापुढे थांबलो, कॅमेरा मायक्रोस्कोप मोडवर टाकला आणि काढत राहिलो. पाण्याखाली आवाज सगळीकडून येतो. मागे कुठेतरी टाकीवर धातू आपटल्याचा टण टण आवाज आला. मला वाटलं, कुणाला तरी कासव दिसलं असेल.

वर आल्यावर बहीण गप्प होती. तिच्या पायात गोळा आला होता, त्यात मास्कमध्ये पाणी गेलं, असं इन्स्ट्रक्टर म्हणाला. मी विचारलं, "मला खूण का नाही केलीस?" ती म्हणाली, "केली. तू फोटो काढत होतास." आवाजात राग नव्हता. ट्रेन किती वाजताची आहे ते सांगावं तसं तिने सांगितलं.

रात्री झोप आली नाही. ऑफिसात सर्व्हर पडला की आम्ही दोन्ही बाजूंचे लॉग शेजारी शेजारी लावतो आणि कुठल्या सेकंदाला काय झालं ते बघतो. सवयीने मी तेच केलं. माझ्या फोटोंवर वेळ होती. तिच्या मनगटावरच्या डायव्ह कॉम्प्युटरमध्ये दर दहा सेकंदांची खोली होती. दोन घड्याळांत फरक होता; बोटीवरच्या एका फोटोत तिच्या कॉम्प्युटरचा स्क्रीन दिसत होता, त्यावरून तो काढून घेतला.

न्यूडिब्रँकचा पहिला फोटो १०:४२:०७. अकरावा १०:४५:५१. पावणेचार मिनिटं. तिचा आलेख १०:४३:१०पर्यंत चौदा मीटरवर सरळ आहे. तिथून वीस सेकंदांत नऊ मीटर. मिनिटाला नऊ मीटरपेक्षा जास्त वेगाने वर जायचं नाही असं आम्हाला शिकवलं होतं, हा वेग पंधराचा होता. १०:४३:३० नंतर रेष थांबते आणि हळूहळू परत खाली येते. तिथे इन्स्ट्रक्टरने तिची फिन पकडली होती, मग तिचे दोन्ही खांदे धरले आणि ती शांत होईपर्यंत तिच्या डोळ्यांत बघत राहिला. हे तिने मला नंतर सांगितलं. घाबरून तिने श्वास रोखला असता तर काय झालं असतं, हे मी इथे लिहिणार नाही. वर लिहिलेल्या श्वासाच्या नियमात ते आलं आहे.

त्या वीस सेकंदांत माझे दोन फोटो आहेत, चौथा आणि पाचवा. पाचवा सगळ्यात चांगला आला आहे. फोकस त्याच्या शिंगांवर अचूक आहे. बॅकस्कॅटर जवळजवळ नाही. दोन वर्षांत माझ्याकडून निघालेला तो सगळ्यात बरा फोटो आहे, आणि तो कुठेही टाकायला माझा हात धजलेला नाही.

ऑक्टोपस आणि पडलेली लेन्स

त्या महिन्यात मी 'माय ऑक्टोपस टीचर' पुन्हा पाहिली. पिपा अर्लिक आणि जेम्स रीड यांची २०२०ची फिल्म, ऑस्करवाली. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या केल्पच्या जंगलात क्रेग फॉस्टर हा माणूस टाकी न घेता, वेटसूट न घालता, जवळपास वर्षभर रोज एका ऑक्टोपसला भेटायला जातो. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी रडलो होतो. दुसऱ्यांदा माझं लक्ष दुसरीकडेच होतं. फिल्म एकट्या माणसाची गोष्ट सांगते, पण कित्येक शॉट्समध्ये फॉस्टर स्वतः दिसतो. म्हणजे कॅमेरा दुसऱ्या कुणाच्या हातात आहे. कॅमेरामनची नावं शेवटच्या श्रेयनामावलीत आहेत, पण गोष्टीत त्यांना जागा नाही. त्या दोघांच्या एकांतात तिसरा माणूस आहे हे कळलं की एकांताची गोष्ट थोडी सैल होते. निवेदनाने हे एका वाक्यात सांगितलं असतं तर काही बिघडलं नसतं.

पण याच फिल्ममध्ये एक प्रसंग आहे, ज्यासाठी मी तिला बरंच माफ करतो. ऑक्टोपसचा विश्वास बसायला लागलेला असताना फॉस्टरच्या हातून एक लेन्स खाली पडते. ती दचकते आणि बीळ सोडून पळून जाते. मग तो दिवसेंदिवस तिचा माग काढत फिरतो. चूक कॅमेऱ्याची होती आणि तिची किंमत प्राण्याने घर सोडून दिली, हे फिल्म आडपडदा न ठेवता सांगते. मग पुढचं सगळं पाहताना आपल्याला माहीत असतं की हा माणूस तिथे आहे याचा तिथल्या जगावर परिणाम होतो.

पाण्याखालचा फोटो काढणारा माणूस अदृश्य असतो, अशी आपली समजूत असते, आणि बहुतेक सुंदर फोटो ती पक्की करतात. खरं तर तिथे आपण सगळ्यात आवाज करणारे, बुडबुडे सोडणारे, वाळू उडवणारे प्राणी असतो. शिवाय तिथे जगायला आपल्याला सतत दुसरं कुणीतरी लागतं: टाकी भरणारा, बोट धरून ठेवणारा, मागून व्हॉल्व्ह पकडणारा, फिन ओढून थांबवणारा. प्रत्येक फोटोत त्यांचे चेहरे घालावेत असं मी म्हणत नाही. पण ज्या चित्राने ते नाहीतच असं भासवलं, त्याने मला समुद्राबद्दल काही चुकीचं शिकवलं. मालवणच्या व्हिडिओने मला शिकवलं की खाली जाणं सोपं आहे. त्याच समजुतीत मी पावणेचार मिनिटं पाठ फिरवून राहिलो.

पुढची फेरी

त्या अकरा फोटोंचं काय करायचं, हे मी बहिणीलाच विचारलं. तिने फोनवर ते एकेक सरकवून पाहिले. पाचव्यावर थांबली. म्हणाली, "हा भारी आहे." मग आलेखाचा स्क्रीनशॉट पाहिला, रेष जिथे वर जाते तिथे बोट ठेवलं आणि काही वेळ तसंच धरलं.

आईला यातलं अजून काही सांगितलेलं नाही. हा लेख छापून आल्यावर ती वाचेल, आणि तिचा फोन येईल. त्याची मी तयारी करतो आहे.

पावसाळ्यात बोटी बंद असतात. नोव्हेंबरमध्ये पुन्हा जायचं ठरलं आहे. बहिणीने एकच अट घातली आहे.

"कॅमेरा माझ्याकडे राहील. तू माझ्याकडे बघायचं."